आप्पांच्या कॉम्प्युटरवरची तारीख

मी कॉम्प्युटर जोडते. विकत नाही, शिकवत नाही, फक्त जोडते. बेळगावपासून निपाणीपर्यंत पतसंस्था, शाळा, दवाखाने, तंबाखूच्या वखारी, जिथं तीन वयांचे तीन कॉम्प्युटर एका खोलीत असतात आणि एकाचं दुसऱ्याला कळत नाही, तिथं मला बोलावतात. वीस वर्षं झाली या धंद्याला. तरी अजून दारात उभी राहिले की "जेंट्स कोण आलं नाही काय?" असं विचारणारे भेटतातच. त्यांना मी काय उत्तर देते ते इथं लिहिण्यासारखं नाही. माझं तोंड वाईट आहे, हे मला घरच्यांनी, गिऱ्हाइकांनी आणि एका भागीदारानं सांगून झालंय. पुढं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं पाप त्या तोंडानं बोलून केलं आणि उरलेलं निम्मं त्यानं गप्प राहून केलं.

वडगावात विणकरांची एक सोसायटी आहे. खाली यंत्रमाग, वर ऑफिस. वर बसून बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागतं, पायाखालची फरशी दिवसभर थरथरत असते. तिथं साड्यांच्या काठापदराची नक्षी काढायचं काम एक म्हातारे करायचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत, मीही आप्पाच म्हणायचे. सत्तरी उलटलेली. हातमागावर जन्म गेलेला माणूस, पण पन्नाशीत कॉम्प्युटर शिकला. आधी ग्राफच्या कागदावर चौकोन भरायचे, मग तेच चौकोन पडद्यावर भरायला लागले. माऊस धरायची पद्धत त्यांची वेगळीच होती, दोन बोटांत हलका, मागावरचा धोटा धरल्यासारखा. मी एकदा चेष्टा केली तर म्हणाले, "हातात जे येईल ते आमी असंच धरतो गं."

आप्पांना साखर होती आणि साखरेनं उजवा डोळा नेला होता. डावाही चालला होता. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं की आता काही महिने, फार तर वर्ष. सकाळी उजेड चांगला असताना दोन-अडीच तास दिसायचं, मग सगळं धुरकट व्हायचं. त्या दोन-अडीच तासांत त्यांना एकच काम संपवायचं होतं. त्यांचे वडील हातमागावर एक पदर विणायचे. त्याचा कागद कधी केलेला नव्हता, सगळी मोजदाद डोक्यात. वडील गेले, तशा साड्याही जुन्या होऊन फाटून गेल्या. आता तो पदर जगात एकाच ठिकाणी होता, आप्पांच्या डोक्यात. डोळा जायच्या आत तो कॉम्प्युटरवर उतरवायचा, एवढं एकच त्यांनी धरलेलं होतं. एरवी काही मागणारा माणूस नव्हता. तेवढ्यासाठी मात्र रोज सकाळी सगळ्यांच्या आधी जिना चढायचा.

त्यांचा कॉम्प्युटर पुरातन. जुनं विंडोज, कंपनीनं कधीच वाऱ्यावर सोडलेलं. पण नक्षीचा प्रोग्राम त्याच्यावरच चालायचा, दुसऱ्यावर टाकला की उघडायचाच नाही, आणि तो बनवणारी कंपनी तर बंदच पडलेली. दुसरा कॉम्प्युटर खाली माग-मास्तरांकडं, नवाकोरा, नव्या विंडोजचा. तो नव्या मागांना नक्षी पुरवायचा. या दोघांची बोलचालच नव्हती. जुन्याची भाषा नव्याला धोक्याची वाटते, तो दारच उघडत नाही. मग आप्पांची नक्षी पेनड्राइव्हवरून खाली जायची. असाच एकदा पेनड्राइव्हवरून व्हायरस आला आणि माग दोन दिवस उभे राहिले. तेव्हा सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला बोलावलं.

मी मध्ये एक तिसरा डबा बसवला, लिनक्सचा. त्याला दोघांशीही बोलता येतं. आमच्याकडची माणसं नाही का, कचेरीच्या या खिडकीत कन्नड, त्या खिडकीत मराठी, तसं. आप्पांचं फोल्डर आणि मधल्या डब्यातलं फोल्डर रोज संध्याकाळी पाच वाजता एकमेकांशी ताडून बघायचं, ज्याची तारीख नवी ती फाइल जुन्या तारखेच्या फाइलवर चढवायची. दोन्ही बाजूंनी. माग-मास्तर कधीकधी नक्षीत बारीक बदल करायचे, तो बदलही आपोआप आप्पांकडं यायला हवा, म्हणून. एका बाजूनंच केलं असतं तरी कुणाचं काही अडलं नसतं. पण मला माझी हुशारी दाखवायची होती. सेक्रेटरी अगदी खूश झाले, मी त्याहून जास्त झाले.

आता नीट ऐका, कारण इथंच मी माती खाल्ली. जोडणी करताना आप्पांच्या कॉम्प्युटरची मी एकदा वायर काढून परत लावली, तर त्याचं घड्याळ वीसेक वर्षं मागं, कुठल्याशा पहिल्या जानेवारीला जाऊन बसलं. म्हणजे आतला गोल सेल मेला होता. वीज असेपर्यंत घड्याळ चालतं, वायर काढली की सगळं विसरतं. मी तारीख हातानं दुरुस्त केली. सेल पुढच्या खेपेला आणू म्हटलं. मधल्या डब्याकडून रोज वेळ विचारून घे, अशी एक ओळ त्याला शिकवून ठेवायची होती, ते काम दोन मिनिटांचं. पण निपाणीहून एकाचा फोनवर फोन येत होता, मी पिशवी उचलली आणि स्कूटरला किक मारली. सोसायटीत इन्व्हर्टर आहे, इथं वीज जातेय कुठली, असं मनाशी म्हटलेलं मला अजून आठवतं.

वीज गेली नाही. खंडेनवमी आली.

त्या एका दिवशी वडगाव गप्प असतं. माग धुऊनपुसून उभे करतात, धोटा काढून देवापुढं ठेवतात, कोहळा फोडतात. हत्यार त्या दिवशी सुटं पाहिजे, बांधलेलं चालत नाही, ही आप्पांच्या घराण्याची रीत. कॉम्प्युटर हे आता त्यांचं हत्यार. त्यांनी स्वतः सगळ्या वायरी काढल्या, डबा कोरड्या फडक्यानं पुसला, पाटावर ठेवला, हळदकुंकू वाहिलं. दुसऱ्या दिवशी दसरा. सोनं वाटून झाल्यावर परत वायरी लावून चालू केला. मी असते तर कदाचित बोलले असते, कदाचित नसतेही. इतक्या वर्षांत मी कितीतरी कॉम्प्युटरना हळदकुंकू लागलेलं पाहिलंय, हसून सोडून दिलंय.

घड्याळ मागं गेलं. पडद्याच्या कोपऱ्यातली ती बारीक अक्षरं आप्पांना दिसण्यातली नव्हती. त्यांनी दसऱ्यानंतरच्या सकाळी पदराची फाइल उघडली, शंभर-सव्वाशे ओळी भरल्या, सेव्ह केलं आणि कॉम्प्युटर नेहमीसारखा चालूच ठेवून जिना उतरले. फाइलवर तारीख पडली वीस वर्षांपूर्वीची. संध्याकाळी पाचला मधल्या डब्यानं बघितलं, आपल्याकडची फाइल दसऱ्याआधीची, म्हणजे हिच्यापेक्षा कितीतरी नवी. त्यानं आपली जुनी फाइल इमानेइतबारे आप्पांच्या नव्या कामावर चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी उघडलं तर कालच्या ओळी नाहीत.

त्या दिवसांत ते दुसऱ्या कुठल्या नक्षीला हात लावत नव्हते. खाली माग जुन्या नक्षीवर चालू होते, त्यामुळं बाकी कुणाचं काही बिघडलं नाही. फक्त त्यांचंच जात राहिलं.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, सेव्ह करायचं राहिलं असेल. दुसऱ्या दिवशी परत तेच झालं. मग त्यांनी सेक्रेटरींना शेजारी उभं केलं. त्यांच्यादेखत सेव्ह केलं, फाइल बंद केली, परत उघडून दाखवली. ओळी होत्या. दोघांचं समाधान झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी ओळी नाहीत. आता सेक्रेटरींना वाटायला लागलं की म्हातारा स्वतःच काहीतरी दाबून पुसतोय आणि विसरतोय. तरी त्यांनी मला फोन केला, हे त्यांचं चांगलंच म्हटलं पाहिजे.

मी निपाणीत होते. एका ऑफिसात शिडीवर चढून छतात वायर ओढत होते, अंगावर धूळ, खालून साहेब कन्नडमधून किती वेळ म्हणून विचारतायत. सेक्रेटरी म्हणाले, आप्पांचं काम सेव्ह होत नाही म्हणतात, मी बघितलं तर होतंय, एकदा येऊन बघता काय? मी म्हटलं, तुमच्यासमोर झालं ना सेव्ह? मग मशीनला काय झालंय? आणि वर म्हटलं,

"वय झालंय त्यांचं. विसरत असतील."

माझ्या आयुष्यात मी इतकं बोलले, कुणी एवढं मनावर घेतलं नाही. हेच वाक्य तेवढं घेतलं. सेक्रेटरींनी ते कमिटीत सांगितलं, कॉम्प्युटरवाल्या बाई पण तेच म्हणतायत म्हणून. कमिटीतल्या कुणीतरी ते आप्पांच्या मुलाच्या कानावर घातलं. एका वाक्यानं वडगावच्या तीन गल्ल्या फिरून घेतल्या आणि शेवटी ज्यांच्याबद्दल होतं त्यांच्यापर्यंत पोचलं. आप्पांनी त्यावर वाद घातला नाही म्हणे. मी म्हटलंय म्हणजे खरंच असणार, असं त्यांना वाटलं. मशीनमधलं मला कळतं ना.

पुढचं मला त्यांच्या सुनेनं सांगितलं. घरी येऊन आप्पा एका वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवायचे, आज इतक्या ओळी भरल्या, सेव्ह केलं. सकाळी जाऊन बघितलं की पडद्यावर त्या ओळींची जागा रिकामी. एकीकडं वही, एकीकडं पडदा. दहा-बारा दिवस त्यांनी दोन्हीची तोंडं बघितली आणि पडद्यावर विश्वास ठेवला. आपण न भरलेल्या ओळी वहीत लिहितोय, आपल्याला वेड लागतंय, असं त्यांनी ठरवून टाकलं. वही चुलीत घातली. मग मुलानं डोक्याच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या, त्या घेतल्या की ते दुपारपर्यंत पेंगत बसायचे. सकाळचा जिना बंद झाला.

दिवाळीनंतर सोसायटीनं त्यांचा सत्कार केला. शाल, श्रीफळ, हार. मला बोलावणं होतं, मी गेले. आप्पांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर उभे राहिले, हात जोडले आणि खाली बसले. लोकांना ती नम्रता वाटली. मीही टाळ्या वाजवल्या. येताना त्यांना म्हटलं, आता आराम करा आप्पा, खूप केलंत. ते मान हलवून हसले. त्यांच्या शर्टाची बटणं खालीवर लागलेली होती आणि माझ्या मनात आलं, बघा, म्हटलं नव्हतं मी?

संक्रांतीच्या आठवडाभर आधी सेक्रेटरींनी पुन्हा बोलावलं. आप्पांचा कॉम्प्युटर आता कुणी वापरत नव्हतं, तो काढून खोली मोकळी करायची होती. मी खुर्ची ओढून बसले आणि सवयीनं पडद्याचा कोपरा बघितला. तारीख वीस वर्षांपूर्वीची. तरी क्षणभर स्वतःला फसवलं, म्हटलं, आत्ताच गेलं असेल घड्याळ. मग मधल्या डब्यातला लॉग उघडला. तो रोजचं सगळं लिहून ठेवतो, कुठली फाइल कुठं चढवली, दोन्हींचा आकार केवढा. कुणी विचारत नाही म्हणून बोलत नाही, एवढंच.

दसऱ्यापासून रोज पाच वाजता एकच ओळ. आप्पांची पदराची फाइल, तिच्यावर जुनी फाइल चढवली. शेजारी आकार. पहिल्या दिवशी त्यांनी बरंच भरलेलं. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त, कालचं भरून काढायला जास्त वेळ बसले असणार. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही तेवढंच. मग कमी कमी होत गेलं. शेवटच्या आठवड्यात दोन-चार ओळींपुरता फरक. शेवटी फाइल उघडून, काहीही न भरता, नुसती सेव्ह केलेली. एकवीस दिवस. एकवीस दिवस त्या माणसानं पदर त्याच ओळीपासून पुन्हा पुन्हा सुरू केला, आणि एकवीस दिवस माझ्या डब्यानं त्या ओळी पाचच्या ठोक्याला पुसल्या. पुसलेलं परत काढायचे माझ्याकडं होते नव्हते ते सगळे उपाय मी करून बघितले. हाताला एक ओळ लागली नाही. जुन्या प्रती ठेवायची सोय मी केली नव्हती. डिस्क लहान होती, नंतर बघू म्हटलं होतं.

सेक्रेटरी चहा घेऊन आले, विचारलं, काय झालं, चेहरा असा का? मी म्हटलं, काही नाही, धूळ.

आता मी गप्प राहिले त्याचं सांगते. लाज वाटली, हे तर झालंच. पण खरं बोलायचं तर भीती वाटली. आमचा भाग केवढासा. वडगावात बोललेलं संध्याकाळी निपाणीत पोचतं. या बाईनं एका म्हाताऱ्याला वेडा ठरवला, आणि चूक हिचीच होती, हे कळल्यावर मला दारात कोण उभं करणार? जेंट्स कोण आलं नाही काय विचारणारे सगळे डोळ्यांपुढं आले. मी स्वतःला सांगत राहिले की आता सांगून काय उपयोग, पदर तर गेलाच आहे, म्हाताऱ्याला उगाच त्रास. किती शहाणी बघा. असं करत संक्रांत गेली, शिवरात्र गेली, होळी गेली. त्या वाटेनं जायचं झालं तर मी लांबून वळसा घालून जात होते.

पाडव्यानंतर एक दिवस आप्पांची सून मला शहापूरच्या बाजारात भेटली. तिनं सांगितलं, शिवरात्रीच्या आसपास त्यांच्या डाव्या डोळ्यात रक्त उतरलं, आता काहीच दिसत नाही. दिवसभर भिंतीला टेकून बसतात. कुणी काही विचारलं की म्हणतात, मला विचारू नका, माझं डोकं ठिकाणावर नाही. ती रडत नव्हती, भाजी निवडत सांगत होती. मला तिथं उभं राहवेना. त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले.

आप्पा पुढच्या खोलीत चटईवर बसले होते. शेजारच्या घरातून मागाचा आवाज येत होता. माझा आवाज त्यांनी ओळखला, ये म्हणाले. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. सेल, घड्याळ, खंडेनवमी, पाच वाजता काय व्हायचं ते, फोनवर मी काय बोलले ते. काही झाकलं नाही. सून दारात उभी राहून ऐकत होती.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे मी भरलेलं खरं हुतं?"

"व्हय आप्पा. रोज भरलंत. एकवीस दिवस."

"वहीतलं खरं हुतं."

"व्हय."

त्यांनी सुनेच्या दिशेनं तोंड वळवलं आणि म्हणाले, ऐकलंस काय. तिनं पदर तोंडाला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं आणि माझा जीव थोडा भांड्यात पडला. मला वाटलं, आता रागावतील, शिव्या देतील, मी त्या मुकाट घेईन. ते रागावले नाहीत. मी घाईघाईनं म्हटलं, आप्पा, अजून वेळ गेली नाही, तुम्ही तोंडानं सांगा, मी बसून एकेक चौकोन भरते, कितीही दिवस लागू देत. मी पिशवीतून लॅपटॉप काढलासुद्धा. त्यांनी मांडीवर बोटं ठेवली आणि सुरुवात केली. दोन धागे सोड, एक उचल, तीन सोड. चार ओळी झाल्या. पाचवीला अडकले, मागं गेले, परत अडकले. बोटं मांडीवर तशीच चाचपडत राहिली.

"तोंडानं येत न्हाई गं," ते म्हणाले. "खालची ओळ डोळ्याम्होरं असली की वरची सुचती. नुसती आठवत न्हाई ती."

मी लॅपटॉप मिटला. सुनेनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला, तो त्यांनी घेतला नाही. मग अगदी साध्या आवाजात, कुणी पावण्याला कधी आलात विचारावं तसं, त्यांनी विचारलं, "तुला हे कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आज सकाळी, काल, काहीही. पण तेवढं मात्र झालं नाही माझ्याच्यानं. संक्रांतीच्या आधी, म्हटलं, आठ दिवस आधी.

ते मनातल्या मनात महिने मोजत होते, मला दिसत होतं.

"संक्रांतीला मी समद्यास्नी तिळगूळ दिला," आप्पा म्हणाले. "एकेकाचं तोंड वळखून दिला. तवा मला दिसत हुतं गं."